दोर धरणारा

हौद उपसायचा दिवस असला की त्या घरात सकाळी कोणी मोठ्याने बोलत नसे. एरवी तिथे कोणाचं कोणाला ऐकू येईल तर शपथ. पाच भाऊ, चार बहिणी. बहिणी सासरी गेल्या, दोन थोरले भाऊ हौदात गेले, मधला, दांडगा आणि धाकटा उरले, तरी तीन खोल्यांत पाय ठेवायला जागा नाही. नळावर भांडण, न्हाणीघरापुढे रांग, याची चप्पल त्याच्या पायात. पण त्या दिवशी मात्र पोरंसुद्धा दबकून चालायची.

मधला उठला. शर्टाची बटणं त्याने एक सोडून एक लावली. बायकोने ती नीट करत हळूच म्हटलं, "पोट दुखतंय म्हणून सांगा ना."

"मग उतरायला दांडग्याला सांगू का धाकट्याला? पाळी माझी आहे."

"भीती वाटतेय ना पण?"

"हळू बोल. आई बाहेर आहे."

आईला भीती हा शब्द चालत नसे. हौदात थोरला पडला, तेव्हा दोर धरून वर उभा असलेला दुसरा मुलगा क्षणभरही न थांबता त्याच्यामागे उतरला आणि तोही गेला. या गोष्टीला अकरा वर्षं झाली, पण येईल त्याला आई सांगायची, "माझं पोर भावामागे गेलं. मागे वळून नाही पाहिलं." हे सांगताना तिची मान ताठ व्हायची. त्या मुलाची बायको, घरातली वहिनी, तेवढ्यात काही ना काही काम काढून आत निघून जायची. ते कोणाच्या लक्षात येत नसे.

कापड रंगवायच्या कारखान्यामागे जमिनीखाली तो हौद होता. सगळं घाण पाणी तिथे साचायचं, आणि तळाला बसलेला गाळ दर दोन-तीन महिन्यांनी माणसानेच उतरून बादलीत भरायचा. माणसाने म्हणजे याच घरातल्या माणसाने. आजोबांपासून तसंच चालत आलं होतं. कारखान्यातले बाकीचे कामगार या भावांशेजारी बसून डबा उघडत नसत. वास येतो म्हणायचे. त्यांचाच गाळ हे काढणार आणि वास यांना येणार, असा सगळा न्याय.

खालच्या विषारी वायूत श्वास घेता यावा म्हणून हवेच्या नळकांड्यासकट दोन मुखवटे कारखान्याने आणले होते. ते कपाटात कुलूप लावून ठेवलेले असत. तपासणीला कोणी आलं की बाहेर निघत, पुसले जात आणि परत आत जात. मुकादम म्हणायचा, "तुम्हाला काय करायचेत? तुमच्या रक्तातच आहे हे काम." आणि भाऊ हसायचे. हो, हसायचे. आपली तारीफ होतेय असं त्यांना वाटायचं.

झाकण सरकवलं तसा मधला दोन पावलं मागे सरला. धाकट्याने ते पाहिलं.

"दादा, आज मी उतरतो. तू दोर धर."

"पाळी माझी आहे."

"पुढच्या वेळी दोनदा उतर मग. नाही तरी तुझं पोट सुटलंय, अडकशील मधेच."

दांडगा खो-खो हसला. मधल्याने दोर हातात घेतला. आयुष्यात कधी वाटलं नाही इतकं त्या क्षणी त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली.

तळाला पोचलं की कमरेचा दोर सोडायचा, अशी त्यांची रीत. दोर पायात येतो, आणि बादली वर ओढायलाही तोच लागतो. खालचा माणूस अधूनमधून भिंतीवर फावडं ठोकायचा. ठोका आला की वरच्याने समजायचं, ठीक आहे. पहिली बादली वर आली. दुसरी आली. ठोका आला. तिसरी बादली खाली सोडली आणि मग काहीच आलं नाही.

"ए," मधल्याने हाक मारली. "ठोक ना रे."

त्याने दोर ओढला. रिकामी बादली भिंतीला आपटत वर आली.

दांडगा शर्ट काढून झाकणाकडे धावला. मधल्याने त्याला कमरेला धरून खाली पाडलं आणि त्याच्या छातीवर बसला.

"सोड. मरेल तो."

"तूही मरशील."

"तू दोर धरला होतास. तू जायला हवं होतंस. भितोस तू."

"भितोय," मधला म्हणाला. "भितोय मी. पण तुला जाऊ देणार नाही."

दांडग्याने त्याच्या तोंडावर गुद्दे मारले. मधल्याने ते खाल्ले आणि गोळा झालेल्या कामगारांना ओरडून सांगितलं, कपाट फोडा, बंबवाल्यांना फोन करा. कपाट फोडलं. दोन्ही नळकांडी रिकामी होती. ती भरून आणायचं इतक्या वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं. बंबवाले यायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास मधला भावाच्या छातीवर बसून होता, आणि चार हातांवर धाकटा खाली गाळात पडला होता. त्याला वर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. कोपऱ्यात कुजबुज चालली होती, वरच उभा राहिला म्हणे, सख्खा भाऊ असून. आईने मधल्याकडे पाठ केली होती. दुपारी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "एक माझं पोर होतं, भावामागे गेलं. आणि एक हे."

तेव्हा वहिनी आतून बाहेर आली. अकरा वर्षांत ती सासूसमोर कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती. आताही तिचा आवाज चढला नाही.

"तुम्हाला अभिमान वाटतो, आई. मला रोज राग येतो त्यांचा. थोरले भाऊजी तर गेलेच होते. हे कशाला गेले? माझी लेक सहा महिन्यांची होती. ते भ्याले असते तर आज तिला बाप असता." तिने दांडग्याकडे बोट केलं. "हा इथे जिवंत बसलाय, तो कोणामुळे?"

दांडगा गुडघ्यात तोंड घालून रडायला लागला. आई उठली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

तेवढ्यात दारात मुकादम आला. दोन शब्द दुःखाचे बोलला, मग घसा खाकरला. "हौद अर्धाच राहिलाय. साहेबांचं म्हणणं, काम घरातच राहू दे. उद्या कोण येतंय?"

मधला उठायला लागला. काय बोलायचं ते त्याने मनाशी जुळवलं होतं, पण आई त्याच्याआधी दारापाशी गेली. तिने दोन्ही हातांनी चौकट धरली.

"कोणी येत नाही," ती म्हणाली. "माझी पोरं भितात."