उतरती रेघ

“अरे यार, ही रेघ वर चाललीये! ही घेऊन मी क्लायंटसमोर उभा राहू?” गुणवंतने स्क्रीनवर नख आपटलं.

मीरा रोडच्या त्या सल्लागार कंपनीत नीरजने न्यूरल नेटवर्क बनवलं होतं. मागच्या वर्षांचं डिझेल, वीज, कचरा त्याला शिकवायचं आणि शहर पुढे किती कार्बन ओकेल ते त्याने सांगायचं. ते खरं सांगत होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

“सर, टॉवर वाढतायत, गाड्या वाढतायत. खाली कशी येणार?”

“लॉकडाऊनचा डेटा आहे ना? तोच पुन्हा पुन्हा टाक. शिकेल ते. जमत नसेल तर अनिशला देतो प्रोजेक्ट.”

शहर बंद पडलं, म्हणजे शहर सुधारलं! गाढवालाही हे पटलं नसतं. पण गाढवाला प्रमोशन नको असतं. नीरजला हवं होतं. “ओके सर,” म्हणून तो कॉपी-पेस्ट करत बसला.

लॉकडाऊनच्या त्याच वर्षी त्याचे वडील काशीनाथ गेले होते. खारी गावाहून शाळेची व्हॅन चालवायचे. आधी शाळा बंद होऊन व्हॅन सोसायटीच्या गेटपाशी उभी राहिली, मग ते हॉस्पिटलात गेले आणि परत आलेच नाहीत. शेवटचा चेहराही कुणाला दिसला नाही. हे सगळं आठवत असूनही या पठ्ठ्याचा हात काही थांबला नाही.

रेघ झकास उतरली. लगेच नीरजचा सत्कार ठरला. कार्बनवरच्या त्या समारंभात एसी इतका मारला होता की शाली खरोखरच कामाला आल्या. नीरजने आईला, सुचेताबाईंना, हौसेने पहिल्या रांगेत बसवलं.

“हे बघा आपलं बेस्ट वर्ष,” गुणवंत पडद्यावर लेझर फिरवत म्हणाला. “रस्त्यावर गाडी नाही, हवा एकदम क्लीन! आपलं मॉडेल सांगतंय, शहर परत तिथेच पोचणार.”

नीरज शाल-नारळ घेऊन खाली आला. आईने नारळ घ्यायला हात पुढे केला नाही.

“नीरू, तुझे बाबा गेले ते वर्ष ना हे?”

“आई, टेक्निकल असतं गं ते.”

“हे चांगलं वर्ष होतं, असं तू शिकवलंस त्याला?”

“हळू बोल ना. सर बघतायत.”

फोटोसाठी पुकारा झाला आणि तो लगबगीने स्टेजवर चढला. निवेदिकेने सगळ्यांना उभं राहून टाळ्या वाजवायला सांगितलं. अख्खा हॉल उभा राहिला.

सुचेताबाई बसून राहिल्या, दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून.