पाद्र्याच्या घरचे डबे

"विषाच्या डब्यावर कोणी हसरा पोपट काढतं का गं, सिएनी?"

सापिनाने असं म्हटल्याबरोबर बायका चटईवर लोळायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. सापिना गावच्या महिला समितीची अध्यक्ष. तिच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती. सिएनीही हसली. सव्वीस वर्षं सवाइई बेटावरच्या शाळाशाळांतून पोरांचे किडके दात काढत फिरणारी दातांची बाई ती. हसायची संधी तिला तशी कमीच मिळायची.

"विष नाही म्हणाले मी. पण बघ तर खरं!" तिने परदेशी न्याहारीचा डबा फोडून वाटीत रंगीबेरंगी कुरकुरीत गोळ्या ओतल्या. शेजारी केळीच्या पानावर साखर टाकली. एक चमचा, दोन, तीन. "एका वाटीत एवढी साखर. तीही चिमुरड्या पोराच्या! आणि हा रंग? दूध ओतलं की दूध लाल होतं. असलं फळ आपल्या कुठल्या झाडाला लागतं, सांगा मला."

"पण जीवनसत्त्वं आहेत असं लिहिलंय की वर," मागून एक सून म्हणाली.

"लिहायला काय जातंय?" सापिना म्हणाली. "माझ्या नवऱ्यानेसुद्धा लग्नाआधी पुष्कळ लिहिलं होतं!"

पुन्हा हशा. पण त्या हशातच ठराव झाला. समिती दर महिन्याला घरोघर फिरून तपासणी करायची. संडास, पाण्याची टाकी, उशांचे अभ्रे, सगळं बघायची. आता मांडणीवर असला डबा सापडला तर त्या घराला एक विणलेली चटई दंड. मे महिन्यातली ही गोष्ट.

"ठरलं," सापिना म्हणाली आणि मग तिचा आवाज जरा उतरला. "पण जे आलेत त्यांचं काय करू? पोरगी ऑकलंडच्या कारखान्यात कोंबड्या सोलसोलून बोटं सुजवून घेते, तेव्हा ते खाऊचं पिंप भरून इथे येतं."

"डुकरांना घाल," सिएनी बोलून गेली.

कोणी हसलं नाही. सिएनीने जीभ चावली.

पुढच्या तपासणीला गावातल्या एकाही मांडणीवर डबा नव्हता. एकाही! जिथे पोपट आणि वाघ ओळीने मांडलेले असत तिथे नुसत्या बश्या. सिएनी घरी आली आणि एकटीच रडली, पण सुखाने. सव्वीस वर्षं तिने दाताच्या निगेचे कागद वाटले, लोकांनी त्यात मासळी बांधली. आता कुठे कोणीतरी तिचं ऐकलं होतं.

तिच्या स्वतःच्या घरातही चार डबे होते. भावाने सिडनीहून पाठवलेले. पाठ मोडेपर्यंत ट्रक चालवतो बिचारा. त्याने जीव लावून धाडलेलं फेकायचं कसं? खायचंही नाही, फेकायचंही नाही, अशी वस्तू कुठे न्यावी हे त्या गावात कोणाला विचारावं लागत नाही. घरातलं सगळ्यात चांगलं पाद्र्याच्या घरी जातं. त्यातून जूनमध्ये गावाला नवे पाद्री आले होते, तरुण जोडपं, चार वर्षांची एकुलती एक मुलगी. शनिवारी सिएनीने चारही डबे इस्त्रीच्या कापडात गुंडाळले आणि पाद्रीबाईंच्या पायरीवर ठेवून आली. तिथे पाहुण्यांचा राबता, दोन दिवसांत संपून जातील, असं तिने मनाशी म्हटलं. आपण तेवढ्या एकट्याच देतोय, असंही.

सप्टेंबरात एका सकाळी पाद्रीबाई एमेले आपल्या लुपेला कडेवर घेऊन तिच्या दारात उभी राहिली. लुपेचा डावा गाल फुगून डोळा मिटला होता. अंग नुसतं भाजत होतं.

"अगं बाई! किती दिवस झाले हे?"

"आठवडा झाला असेल. रडतच नाही हो ती, म्हणून मला कळलं नाही."

सिएनीने पोरीचं तोंड उघडलं. पुढचे दात हिरड्यांपाशी काळे पडून झिजले होते. दाढेखालून पू येत होता.

"काय खाते ही?"

"गाव देतं तेच," एमेले म्हणाली. "डबे."

"किती डबे आले, बाईसाहेब?"

"मोजले नाहीत. मागची खोली भरलीय. आणि प्रत्येक घरचं उघडायला हवं ना? एकीचा उघडला आणि दुसरीचा तसाच राहिला, तर त्या घराला काय वाटेल? आम्हा दोघांना गोड फार जात नाही. ही आवडीने खाते. सकाळी एका घरचं, दुपारी दुसऱ्या घरचं." मग काही आठवल्यासारखं ती म्हणाली, "तुमचे चार होते ना? ते आम्ही सगळ्यांच्या आधी उघडले. म्हटलं, दातांच्या बाईंनी दिलेत, म्हणजे चांगलेच असणार."

सिएनी मनाशी म्हणाली, बाई गं, हे काय केलंस तू?

त्याच दिवशी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तीन दिवस सुया टोचल्यावर ताप उतरला, मग डॉक्टरांनी गुंगी देऊन नऊ दात काढले. सिएनी उशाशी उभी होती. शुद्ध आल्यावर लुपेने जीभ फिरवून तोंड चाचपून पाहिलं. रडली नाही. बोबड्या, रिकाम्या तोंडाने विचारलं, "नवे कधी येणार?"

"येतील हं, राणी. छान येतील."

हे खोटं होतं. पू खोलवर गेला होता. खालचे काही दात येतील ते डागाळलेले, खड्डे पडलेले येतील, हे सिएनीला स्वच्छ ठाऊक होतं. इतकी वर्षं तिने पोरांना दुखणार नाही म्हणून सांगितलं होतं, पण असं खोटं कधी बोलली नव्हती.

पुढच्या बैठकीत ती उभी राहिली. "मी चार दिले," ती म्हणाली. "तुम्हाला नको सांगून मीच चार नेऊन दिले."

सापिना म्हणाली, "मी अकरा." आणि मग एकेक करून सगळ्याच बोलल्या. सहा. नऊ. तीन. ती मागची सून म्हणाली, "वीस," आणि पदराआड तोंड लपवावं तसं तिने हातपंख्याआड लपवलं.

सापिनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मग आता कुठे न्यायचे, सिएनी? तूच सांग. नाताळचं पिंप निघालंय तिकडून. पोरीला काय लिहू, पाठवू नकोस म्हणून? तिच्याकडे तरी आपल्याला द्यायला दुसरं आहे काय?"

सिएनी खाली बसली.

रविवारी ती लुपेला बघायला गेली. पोर आईच्या मांडीवर अळकुडीचा लगदा चघळत होती. थोड्या वेळाने सिएनी उठली तशी एमेले लगबगीने आत गेली आणि कापडात गुंडाळलेले दोन डबे घेऊन आली.

"नको, बाईसाहेब."

"माझ्या लेकीला वाचवलंत, आणि रिकाम्या हातांनी जाणार? आमची बाग नाही, डुकरं नाहीत. दुसरं काही नाही हो आमच्याकडे द्यायला."

सिएनीने दोन्ही हातांनी डबे घेतले, डोक्यापर्यंत उचलले आणि आभार मानले. तिथे नाही म्हणायची रीतच नव्हती.

बाहेर प्रार्थना सुटून पोरं रस्त्यावर खेळत होती. आजवर कुठल्याही गावात सिएनी दिसली की पोरं नीरफणसाच्या झाडाआड लपायची. आज कापड सरकून पोपटाचा डोळा दिसला आणि सगळी तिच्याकडे धावत सुटली. "सिएनी आजी! आजी, मला! आधी मला!" कोणी तिचा हात धरला, कोणी लुंगीला लोंबकळलं. सगळी तिच्याकडे बघून हसत होती, काळ्या दातांनी, तोंडभर. सिएनी डबे छातीशी धरून भर रस्त्यात उभी राहिली.