आतोबांचं वजन

माझं काम ताऱ्यांची पिढी ओळखण्याचं. आपल्या आकाशगंगेत म्हातारे तारे वेगळे, तरुण वेगळे. म्हाताऱ्यांच्या अंगात लोह कमी, कारण ते जन्मले तेव्हा लोहच फारसं तयार झालेलं नव्हतं. शिवाय वजनदार तारा भराभर जळून संपतो, म्हणून वजनदार आणि जिवंत दिसला की तो तरुण समजायचा. चार वर्षं सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. मग मूठभर तारे असे निघाले, की लोह म्हाताऱ्याचं आणि वजन तरुणाचं.

आमच्या गाईडबाई शांतपणे म्हणाल्या, की सोमवारपर्यंत याचा उलगडा कर, नाहीतर प्रबंधातलं हे प्रकरण काढून टाक. चार वर्षांचं प्रकरण! मी त्या ताऱ्यांना येतील तेवढ्या शिव्या मनातल्या मनात घातल्या.

रविवारी आत्या जेवायला आली, सोबत आतोबा. आत्यानं साठी उलटल्यावर लग्न केलं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका अबोल माणसाशी, आणि तेव्हापासून ती चांगली दहा वर्षांनी लहान दिसायला लागली होती. गाल वर आले होते, हसणं तर जिन्यातूनच ऐकू यायचं. बाबांनी नेहमीसारखं चिडवलं, की ताई, तू माझी थोरली बहीण कसली, आता मुलगी शोभतेस. मग आतोबांकडे बघून म्हणाले, "दाजी मात्र वाळलेत."

आतोबांनी आपल्या ताटातला सगळ्यात चांगला तुकडा उचलला आणि आत्याच्या ताटात ठेवला. त्यांचं हे रोजचंच होतं.

माझा चमचा हातातच राहिला. या ताऱ्यांना जोडीदार असला तर? जोडीदाराचा वायू ओढून म्हातारा तारा जड होतो, हे मी कधीच वाचलं होतं, आणि काखेत कळसा असून गावाला वळसा घालत बसले होते. जोडी असेल तर तारा स्वस्थ राहत नाही, जोडीदाराच्या ओढीनं मागेपुढे डुलतो. मी ताट तसंच टाकून उठले. आई चिडली, ते बरोबरच होतं.

जुनी निरीक्षणं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. बहुतेक सगळे डुलत होते. सोमवारी बाईंनी आलेख दोनदा पाहिला आणि "लिही" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे म्हणजे माझी मिरवणूकच.

पुढच्या रविवारी मी आत्याला ऐटीत सांगितलं, की माझी डिग्री तुझ्या गालांवर उभी आहे. सगळी गोष्ट ऐकून ती खूप हसली. मग तिनं विचारलं, "आणि ज्यानं दिलं, त्याचं काय होतं गं?"

"तो वाळतो. छोटासा, पांढरा, मंद होऊन जातो. पण सोडून जात नाही. शेजारीच फिरत राहतो."

आतोबांचा हात सवयीनं आत्याच्या ताटाकडे निघाला होता. तिनं तो वाटेतच धरला.

"तुमचं तुम्ही खा," ती म्हणाली, आणि आपल्या ताटातलंही अर्धं त्यांना वाढलं. आतोबा लाजले, पण सगळं जेवले.