डाव्या पायाचा साचा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी साचा आहे. जोडा शिवताना आत घालतात तो. पण मला नुसतं लाकूड म्हणाल तर मी ऐकून घेणार नाही. मी माझ्या मालकिणीचा डावा पाय आहे.

ती घरोघरचे पाण्याचे मीटर तपासायची. दिवसभर जिने चढायचे, जिने उतरायचे. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी तिचं हाड वाढलं आणि बाजारातला एकही जोडा तिला चालेना. तेव्हा जोडे शिवणाऱ्या मास्तरांनी तिचा पाय कागदावर रेखून मला कोरलं आणि हाड वाढलं होतं तिथे उंचवट्यासाठी चामड्याचा एक तुकडा ठोकला. उजव्या पायाची काही तक्रार नव्हती, म्हणून मला जोडीदार नाही.

"बाई, इथे थोडं आवळून घेतलं तर जोडा देखणा होईल," मास्तर म्हणाले होते.

"मास्तर, मिरवायला तुम्ही जा. मला चौथ्या मजल्यावर जायचंय."

पुढे हाड आणखी वाढलं, तसा पहिल्या तुकड्यावर दुसरा चढला. माझ्यावर जोडे शिवले गेले, झिजले, पुन्हा शिवले गेले. मी मात्र टिकलो. त्याची मला घमेंड होती. अजूनही आहे.

मग मालकीण गेली. तिची लेक परदेशातून आली होती. बातमी सांगायला ती मास्तरांच्या दुकानात आली, तेव्हा त्यांनी मला खुंटीवरून काढून तिच्या हातात दिलं.

"घेऊन जा. याच्यावर आता दुसऱ्या कुणाचा जोडा व्हायचा नाही."

घरी तिच्या धाकट्या भावानं विचारलं, "ताई, हे लाकूड कुठे नेतेस? त्यापेक्षा आईची शाल ने."

"शाल तू घे," ताई म्हणाली. तिकडे पुस्तकांच्या फळीवर मला ठेवायचं तिनं मनाशी ठरवलं होतं. मला कुणी विचारलं नाही.

विमान पोचलं, बॅग पोचली नाही. विमानतळाच्या खिडकीवर काय बोलणं झालं ते ताईनं नंतर भावाला फोनवर सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

"बॅगेत मौल्यवान काही?" कारकुनानं विचारलं होतं.

"आईचा पाय."

तो लिहिता लिहिता थांबला.

"लाकडी," ताई म्हणाली.

"एकच?"

"दुसरा बरा होता."

फोनवर भाऊ हसला.

खिडकीवर हे बोलणं चाललं होतं तेव्हा मी कुठल्याशा गोदामात बॅगांच्या ढिगाखाली होतो. बॅगेची कड फाटली, मला घोट्यापासून टाचेपर्यंत चीर गेली आणि वरचा चामड्याचा तुकडा उखडून कुठे पडला कोण जाणे. बॅग घरी पोचवायला आलेला माणूस म्हणाला, "हे तुटलंय. टाकून देऊ का जाताना?"

"टाकायला एवढ्या लांब आणलं नाही," ताई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती मला मागच्या गल्लीत जोडे शिवणाऱ्या एका कारागीर बाईंकडे घेऊन गेली. "चीर बुजवा. आणि पडलेला तुकडा होता तसा लावून द्या."

बाईंनी मला उलटंपालटं केलं, पण त्या बघत होत्या ताईच्या चालीकडे.

"लंगडताय."

"बूट नवे आहेत. चावतात."

"नवे कसले? टाच झिजलीय की. काढा."

ताईनं बूट काढला आणि मित्रांनो, तो पाय मी ओळखला. तेच हाड, तीच जागा. फक्त अजून लहान, माझ्यावर उरलेल्या पहिल्या तुकड्याएवढं. बाईंनी मला त्या पायाशेजारी धरलं.

"वरचा तुकडा आता नको. टाच जराशी भरून घेतली की याच्यावर तुमचाच जोडा होईल."

ताई माझ्यावर हात ठेवून बसून राहिली. "मी याला फळीवर ठेवणार होते."

"फळीला कुठे जोडा लागतो?"

"आणि वरचा तुकडा?"

"लागेल तेव्हा लावू."

"लागेल?"

"चालत राहिलात तर लागेल," बाई म्हणाल्या.

आज माझी चीर बुजली आहे आणि अंगावर ओलं चामडं ताणलं आहे. हातोडीचे घाव बसताहेत, फार दिवसांनी. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला काचेच्या कपाटात बसवू नका. चीर पडली म्हणून हळहळू नका. आमच्याकडून काम मागा.

आणि ते मास्तर कधी भेटलेच, तर त्यांना सांगा, तुमचं चुकलं. जोडा होतो आहे.