बाभळीचा काटा

माणिकचंद वारला तेव्हापासून मंगरूळपीरच्या त्या घरात गाणं बंद होतं. सासऱ्यांचा, घेवरचंदांचा, तसा हुकूमच होता. ते दुकानात गेल्यावर सूरजबाईनं माळ्यावरून नवऱ्याचा ग्रामोफोन आणि त्याच्या आवडीच्या तबकड्या उतरवल्या. सुईच्या जागी बाभळीचा काटा लावलेला होता. बरंच झालं, काट्यानं आवाज हळू येतो.

गाणं सुरू झालं, पण तिचा सगळा जीव दाराकडे. विधवा सून गाणी ऐकते, हे गावभर झालं तर?

ओट्यावर जोडे वाजले. तिला तबकडी थांबवायचंही सुचेना. घेवरचंद आत आले आणि त्यांनी आतून कडी लावली. ती भिंतीला चिकटली.

त्यांनी पगडीतून नवा काटा काढून तिच्यापुढे धरला.

"तो बदल, पोरी. काल मी आयकलं तवाच बोथट झाला होता."