भटक्या वैद्याला जागा नाही

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. राजा-राणीच्या कॅटमधला नव्हे. ज्या खेळात दोघं आपापला संच बांधून लढतात, त्यातला. माझं नाव भटका वैद्य. मी थोडी जखम भरतो, थोडा वार अडवतो, जमलंच तर एखादा जादा पत्ता ओढून देतो. सगळं थोडं थोडं.

छापखान्यातून पाकिटात बंद होऊन मी ट्युनिशियातल्या स्फाक्सला, समुद्राकाठच्या शहरात आलो. वजदी नावाच्या मुलानं पाकीट फाडलं आणि मला बघून तो खूश झाला. पुढे काही वर्षं मी त्याच्या संचात होतो. त्या संचात आगीचे, पाण्याचे, वाऱ्याचे, सगळ्या जातीचे पत्ते होते. कॅफेतल्या डावांत वजदी फारसा हरायचा नाही, आणि जिंकायचाही नाही.

मग ट्युनिसची मोठी स्पर्धा आली. वजदीला हा खेळ त्याच्या थोरल्या बहिणीनं, लुब्नानं शिकवला होता. ती सप्टेंबरात नोकरीसाठी माँट्रियलला जाणार होती. दोघांची ही शेवटचीच स्पर्धा. तिनं त्याचा संच टेबलावर पसरला.

"हा संच आहे की लग्नातलं ताट? सगळ्याची चव, पोट कशानंच भरत नाही."

"पण ताई, समोरच्यानं काहीही टाकू दे, माझ्याकडे उत्तर असतं."

"संचात असतं रे. वेळेवर हातात येतं का?"

लुब्नानं आगीचेच पत्ते ठेवले, त्यांत आणखी आगीचे घातले आणि आम्हा बाकीच्यांना हलव्याच्या रिकाम्या डब्यात टाकलं. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही.

डबा वजदीच्या पिशवीत होता, म्हणून स्पर्धा माझ्या कानावर पडली. आगीचा संच धडाधड जिंकत गेला. उपांत्य फेरीत हनीन नावाच्या मुलीनं 'पूर' हा पाण्याचा पत्ता टाकला. आग विझली. वजदीच्या हातात नुसती आगच होती.

"झालं?" हनीननं विचारलं.

"झालं."

परतीच्या टॅक्सीत लुब्ना म्हणाली, "माझ्यामुळे हरलास."

"तुझ्यामुळेच तर तिथवर पोचलो. जुना संच नेला असता तर दुपारच्या जेवणाला घरी असतो."

ती हसली नाही.

ती गेल्यावर एका सकाळी वजदीनं डबा उघडला. संचातले मोजके आगीचे पत्ते काढून त्यानं आमच्यातला 'बांध' घेतला, 'कोरडा वारा' घेतला. एकच काम, पण नेमकं करणारे. मग मला हातात धरून त्यानं लुब्नाला फोन लावला.

"ताई, वैद्य ठेवू का?"

पलीकडून आवाज आला, "आता तूच ठरव."

त्यानं माझ्यावरचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मला परत डब्यात ठेवलं.

मित्रांनो, संच बांधायचा म्हणजे कुणीतरी बाहेर राहणारच. त्याबद्दल माझं गाऱ्हाणं नाही. फक्त ज्याला बाहेर ठेवाल, त्याला एकदा पुरतं वाचा. आणि झाकण नीट लावा. इथली हवा खारी, दमट आहे. कागद लवकर फुगतो.