माळ्यावरची पिल्लं

"काका, तुम्ही फक्त बाजूला व्हा. बाकी आम्ही बघतो," हितेंद्र म्हणाला.

हितेंद्र चाळीचा सेक्रेटरी. त्याच्या मागे काखेत फळी धरून सुतार उभा होता. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर रमाकांत दोन्ही हातांनी वाट अडवून उभा होता. त्याच्या डोक्यावर, कौलांखालच्या माळ्यातून फुसफुस ऐकू येत होती.

"आत पिल्लं आहेत रे. जिवंत आहेत."

"म्हणून तर घाई. घुबडं आहेत ती, पोपट नाहीत. पुष्करचं असं झाल्यापासून लोकांची टरकलीय. आता कुणाचा नंबर, असं बोलतात." मग त्याचा आवाज जरा खाली आला. "आनंदीबाई राहू दे म्हणाल्या तर राहू दे. त्यांच्यापुढे कोण बोलणार? तुम्हीच विचारा त्यांना. आम्ही थांबतो."

रमाकांतने हात खाली घेतले.

गिरगावातल्या या वाडीतच त्याचा जन्म गेला होता. विमा कंपनीत कारकुनी केली, लग्न राहून गेलं. नाद एकच, जीवजंतू बघत बसायचा. एकदा कुंभारमाशीने भिंतीवरच्या घड्याळामागे मातीचं घर केलं, तर माश्या उडून जाईपर्यंत त्याने त्या घड्याळाला हात लावला नव्हता. ते बंद पडलं होतं तरीही. लोक हसायचे. एवढ्याशा जिवाला हे सगळं शिकवतं कोण, हा प्रश्न त्याला शाळेत असताना पडला होता आणि रिटायर झाला तरी तो जुना झाला नव्हता.

पावसाळ्यात माळ्यावर गव्हाणी घुबडांची जोडी आली, तेव्हा हा आनंद त्याला एकट्याला पेलेना. शेजारच्या पुष्करला त्याने जिन्यावर स्टूल ठेवून फटीतून दाखवलं. पुष्कर आनंदीबाईंचा एकुलता एक मुलगा, लोअर परळच्या ऑफिसात नोकरीला. सुरुवातीला काकांचं मन राखायला म्हणून चढला, मग रोज घरी आला की बूट काढायच्या आधी वर धावायला लागला.

"काका, तोंड बघा ना! सफरचंद मधोमध कापल्यासारखं!"

पिल्लं झाली. एका संध्याकाळी घुबडाच्या मादीने उंदीर आणला आणि थोरल्या पिल्लाने तो झडप घालून घेतला. आता गिळणार असं वाटत असताना ते वळलं, आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात धाकट्या पिल्लापुढे त्याने तो धरला. स्टुलावर दोघांनी एकमेकांना घट्ट धरलं.

"स्वतः नाही खाल्ला, काका," पुष्कर पुटपुटला. "छोट्याला दिला."

रमाकांत इतकी वर्षं बघत आला, पण असं काही त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. पुष्करने ते चाळभर सांगितलं. माळ्यावर घुबडं आहेत हे सगळ्यांना कळलं ते असं.

पुढच्याच आठवड्यात पुष्कर तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आला. पायाला बुटाने लागलेली जखम होती. ताप आला, डोळे पिवळे झाले. डॉक्टर लेप्टो म्हणाले, उंदरांमुळे घाण पाण्यातून होणारा ताप, मग किडनी म्हणाले, आणि मग काहीच म्हणाले नाहीत.

आनंदीबाई खोलीत कांदा चिरत बसल्या होत्या. त्यांचे यजमान रमाकांतचे मित्र. ते गेल्यापासून रमाकांतचं रात्रीचं जेवण याच घरात होत असे. पुष्कर गेल्यावर त्याने नको म्हटलं होतं, पण त्यांनी ताट वाढणं थांबवलं नव्हतं.

"वहिनी," तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "पंधरा-वीस दिवसांत पिल्लं उडतील. तेवढे दिवस राहू द्या म्हणालात तर..."

विळीवरचा हात चालूच होता. तो नको ते बोलून गेला. "त्यांचा त्रास नाही हो, उपयोगच आहे. उंदीर खातात ती. आणि पुष्करला जे झालं ते तर उंदरांमुळेच..."

हात थांबला.

"माझा मुलगा गेला, भावजी. तुम्ही मला उंदीर शिकवताय?"

"वहिनी, तसं नव्हतं..."

"घुबडामुळे गेला असं मी म्हटलं का? मी काय अडाणी आहे?" त्यांनी पदराने नाक पुसलं. "शेवटच्या दिवशी आयसीयूत मला ओळखत नव्हता तो. नुसतं विचारत होता, छोट्याला दिला का? छोट्याला दिला का? मला वाटलं, भूक लागलीय त्याला. मी पेज मागत फिरले." त्यांनी विळी बाजूला सारली. "रात्रभर डोक्यावर ती फुसफुस चालते. मला नाही ऐकवत. काढा त्यांना."



रमाकांतने हितेंद्रला हात लावू दिला नाही. स्वतः स्टुलावर चढला, टॉवेल गुंडाळून एकेक पिल्लू उचललं आणि भाजीच्या टोपलीत ठेवलं. टॅक्सी पक्ष्यांच्या दवाखान्याशी पोहोचली तोवर धाकटं गार झालं होतं. थोरलं त्याला बिलगून बसलं होतं. त्याला वेगळं करताना ते रमाकांतच्या बोटाला कडकडून चावलं.

"बाकीच्यांचं बघू. आईशिवाय जगवणं अवघड असतं, काका," डॉक्टरीण म्हणाली. चावलेल्या बोटाला तिने आयोडिन लावलं. त्याने कशासाठी तरी तिचे दोनदा आभार मानले.

तो परतला तेव्हा माळ्याच्या तोंडावर फळी ठोकून झाली होती. खोलीत जावंसं वाटेना, म्हणून तो गॅलरीतच बसला. अंधारून आलं आणि पांढरं काहीतरी आवाज न करता त्याच्या डोक्यावरून गेलं.

मादी फळीच्या कडेवर टेकली. चोचीत उंदीर होता. तिने फळीला डोकं लावलं, मान वाकडी करून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग उंदीर कडेवर ठेवला आणि नखांनी फळी खरवडायला लागली.

तो आवाज ऐकून आनंदीबाई दारात आल्या. मादीकडे बघत उभ्या राहिल्या.

"उद्या पण येईल?"

"येईल, वहिनी."

"परवा?"

रमाकांतने फळीकडे पाहिलं.

"कुणी सांगायचं हो हिला," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन ताट वाढायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगळ्या दारांवरचे दिवे लागले. आनंदीबाईंनी आपल्या दारावरचा लावला नाही. गॅलरीच्या त्या टोकाला, माळ्याखाली, पक्ष्याला उतरण्यापुरता अंधार राहिला.